शाळेतल्या बाईंची सायन्स फिक्शन

प्रश्न: मी नागपुरात सातवी-आठवीला शिकवते. बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात कधीकधी अमेरिकन सायन्स फिक्शन सापडते, पण जिकडेतिकडे रॉकेट, बंदुका अन् कॅप्टनसाहेब. १९५० च्या आसपास शाळा, पोरं, घर यावर कोणी लिहिलंच नाही का?
— एक शिक्षिका, धरमपेठ

उत्तर: लिहिलं ना मॅडम, अन् लिहिणारी तुमच्याच लाइनमधली होती. झेना हेंडरसन. जन्म १९१७, अॅरिझोनातल्या टुसानकडचा, म्हणजे उन्हाच्या बाबतीत आपलीच माणूस. नोकरी प्रायमरी शाळेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या लोकांना कॅम्पात डांबलं होतं, तशा एका कॅम्पात हिनं पोरांना शिकवलं, अन् मला तर वाटते तिच्या गोष्टीतली ती लपूनछपून राहणारी माणसं तिथूनच आली असावी.

तिची गाजलेली मालिका 'पीपल'ची, पहिली गोष्ट 'अॅरारॅट', १९५२. स्वतःचा ग्रह गेला म्हणून पृथ्वीवर येऊन पडलेले लोक, दिसायला आपल्यासारखेच, पण उडता येते, एकमेकांच्या मनातलं कळते, अन् हे सगळं बाहेरच्यांपासून लपवायचं. त्यातलीच 'पॉटेज' वाचा. गावातली पोरं पाय घासत घासत चालतात, हसत नाही, खेळत नाही, कारण चुकून जमिनीवरून वर उचलले गेले तर! नवीन आलेल्या बाईंच्या ते लक्षात येते. कोणतं पोरगं का गप्प आहे हे रोज वर्गात उभं राहणाऱ्यालाच असं लिहिता येते बाप्पा. यावरून १९७२ मध्ये टीव्हीसाठी सिनेमाही निघाला, त्यात विल्यम शॅटनर, तोच 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या टीव्ही मालिकेतला कॅप्टन, इथे गावचा डॉक्टर.

पण सुरुवात मालिकेनं नका करू. आधी 'द एनिथिंग बॉक्स' वाचा. एक पोरगी बाकावर बसून ओंजळीतल्या न दिसणाऱ्या डब्यात बघत राहते, अन् बाई तो डबा जप्त करतात! पुढचं सांगत नाही. जप्तीचं सामान ड्रॉवरमध्ये आपणही ठेवतोच ना, म्हणून ही जरा जास्तच लागेल.

तक्रार एकच. देवाधर्माचं अन् चांगुलपणाचं कधीकधी लईच होते, सलग चार गोष्टी वाचल्या की गोड गोड वाटते. 'पीपल'च्या सगळ्या गोष्टी १९९५ च्या 'इनगॅदरिंग' या जाडजूड पुस्तकात एकत्र आहेत, पण ते एका दमात वाचायचं नाही.

वर्गात सांगायला म्हणाल तर 'सबकमिटी', १९६२. मोठे लोक टेबलावर परग्रहवाल्यांशी बोलणी करून थकतात अन् इकडे कुंपणाखालच्या भोकातून दोन्हीकडची पोरं खेळायला लागतात, मग आयांची विणकामावरून ओळख होते, अन् त्या लोकांना हवं काय तर मीठ! आठवीला तासाभरात सांगून होईल, फक्त मिठाचं आधीच फोडू नका.