ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतो. बिघाड कार्डातच आहे का?

तुम्ही दिलेला तपशील असा आहे: आय५-४५९० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज देणारा डबा) आणि केवळ व्हीजीए (जुन्या पद्धतीचे ॲनालॉग) पोर्ट असलेला जुना मॉनिटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तुम्ही एएमडी कंपनीचे सेकंड-हँड आरएक्स ६६०० कार्ड सात दिवसांच्या टेस्टिंग वॉरंटीवर आणले आणि एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर लावून मॉनिटर त्याला जोडला. पंखे फिरतात, मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’ दाखवून बंद होतो. दुकानदार कार्ड चालू असल्याचे सांगतो आणि वॉरंटी संपत आली आहे, म्हणून कार्ड परत करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

परत करण्याआधी पुढची तपासणी अवश्य करा, कारण तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय कार्डावर नसून कन्व्हर्टरवर आहे. ‘नो सिग्नल’ म्हणजे मॉनिटरला त्याच्या केबलमधून समजेल असे चित्र मिळालेले नाही, एवढेच. मग अडथळा स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरच्या कार्ड बसवायच्या खाचेत) असो, विजेत असो, बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये असो किंवा केबलमध्ये, मॉनिटर तोच संदेश दाखवतो. पंख्यांवरूनही काही ठरवू नका. आजकालच्या बहुतेक कार्डांचे पंखे कार्ड थंड असताना मुद्दाम थांबलेले असतात, आणि उलट, पंखे फिरत असूनही चित्र न देणारी कार्डे मी पाहिली आहेत.

तुमच्याकडे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे ४५९० प्रोसेसरमध्येच इंटेलचे एचडी ४६०० ग्राफिक्स आहे, म्हणजे कार्डाशिवायही चित्र मिळू शकते. ज्यांच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यांना ही सोय मिळत नाही. संगणक बंद करून वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या आणि मग कार्ड बाहेर काढा. मॉनिटर थेट मदरबोर्डच्या व्हीजीए पोर्टला लावून संगणक सुरू करा. इथेही चित्र आले नाही, तर कार्ड बसवताना रॅम हलली असण्याची शक्यता आहे. रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा चुरा झटकून टाका आणि दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत रॅम दाबून बसवा.

चित्र आले की बायोसमध्ये जा. ‘प्रायमरी डिस्प्ले’ किंवा ‘इनिशियल डिस्प्ले आउटपुट’ अशा नावाची सेटिंग शोधून ती ‘आयजीएफएक्स’ (प्रोसेसरमधले ग्राफिक्स) वर ठेवा आणि ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ हा पर्याय असल्यास तो सुरू करा. ही सेटिंग ‘ऑटो’ वर असेल तर कार्ड सापडताच अनेक बोर्ड स्वतःचे ग्राफिक्स बंद करतात, आणि तपासणीसाठी ते आपल्याला चालू हवे आहे. आता संगणक पुन्हा बंद करून कार्ड बसवा, मॉनिटर मात्र मदरबोर्डलाच राहू द्या. विंडोज सुरू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ उघडा. तिथे इंटेलच्या नावाबरोबरच ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ किंवा एएमडीचे नाव दिसले, तर मदरबोर्डने कार्ड ओळखले आहे आणि स्लॉटही ठीक आहे. त्यानंतर एएमडीचा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड वापरता यावे म्हणून लागणारा प्रोग्रॅम) टाका. तो नीट बसला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डासमोर ‘कोड ४३’ ही चूक आली नाही, तर कार्डावरचा संशय बराच कमी होतो. एक गोष्ट आधीच पाहून घ्या: अजून विंडोज ७ वापरत असाल, तर ह्या कार्डासाठी तिचा ड्रायव्हर नाही, ६४ बिटचे विंडोज १० तरी लागेल.

आता कन्व्हर्टरकडे वळू. एचडीएमआयमधून अंकीय सिग्नल येतो आणि व्हीजीएला ॲनालॉग लागतो, त्यामुळे कन्व्हर्टरच्या आत रूपांतर करणारी चिप असते आणि तिला वीज लागते. ती वीज एचडीएमआय पोर्टच्या ५ व्होल्टच्या पिनवरून घेतली जाते, आणि मानकानुसार त्या पिनवर केवळ ५५ मिलिअँपियरची हमी असते. स्वस्त कन्व्हर्टर त्याहून अधिक वीज ओढतात. म्हणूनच कधी क्षणभर चित्र चमकून जाते, कधी कन्व्हर्टर हाताला चांगलाच गरम लागतो, आणि कधी एका संगणकावर चालणारा कन्व्हर्टर दुसऱ्यावर मुळीच चालत नाही. तुमच्या कन्व्हर्टरला बाजूला छोटे मायक्रो-यूएसबीचे छिद्र असेल, तर त्याला मोबाइलच्या चार्जरवरून वीज देऊन पाहा. आरएक्स ६६०० वर डिस्प्लेपोर्टही आहेत. तिथल्या वीज पिनवर ३.३ व्होल्टला ५०० मिलिअँपियरपर्यंत वीज मिळते, त्यामुळे व्हीजीए मॉनिटरच वापरायचा असल्यास डिस्प्लेपोर्ट-व्हीजीए कन्व्हर्टर मला अधिक भरवशाचा वाटतो. कार्डाच्या पोर्टांवर प्लॅस्टिकची टोपणे राहिलेली नाहीत ना, हेही बघा.

सर्वांत निर्णायक चाचणी घरातल्या टीव्हीवर होते. साधी एचडीएमआय केबल कार्डातून थेट टीव्हीला लावा आणि टीव्हीवर तोच इनपुट निवडा. टीव्हीवर चित्र आले, तर कार्ड परत करण्याचे कारण उरत नाही. बदलायचा तो कन्व्हर्टर.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसतच नसेल, तर मात्र वीज आणि बसवणूक पाहावी लागेल. कार्ड प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटमध्ये, मागची क्लिप लागेपर्यंत बसले पाहिजे. कॅबिनेटच्या पत्र्याला अडून ते स्क्रूच्या बाजूने अर्धवट उचललेले राहणे फार सर्रास घडते. कार्डाला आठ पिनांची वीजजोडणी हवी आणि ती एसएमपीएसच्या ६+२ पिनांच्या वायरनेच द्यावी. प्रोसेसरसाठीची ४+४ पिनांची वायर दिसायला तशीच असली तरी तिच्यातल्या पिनांची रचना उलट असते, म्हणून ती जोर लावून बसवू नये. ६+२ ची वायर नाही म्हणून साटा वायरवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरवरून) आठ पिनांचा अडॅप्टर लावला असेल, तर तो आजच काढा. साटा जोडणीतून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५४ वॅट सुरक्षितपणे घेता येतात आणि आठ पिनांची जोडणी १५० वॅटसाठी असते. असे अडॅप्टर वितळतात आणि आगही लागू शकते.

एसएमपीएसवरचा ४५० हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपियर लिहिले आहेत ते वाचा. कार्डाचे १३२ वॅट आणि प्रोसेसरचे ८४ मिळून २१६ वॅट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर १८ अँपियर केवळ ह्या दोघांनाच लागतात, आणि हार्ड डिस्क, पंखे व क्षणिक वाढीव मागणी ह्यांच्यासाठी त्यावर बरीच मोकळीक हवी. तरीही विजेचा तुटवडा सहसा वेगळ्या प्रकारे दिसतो: डेस्कटॉप व्यवस्थित येतो आणि गेम सुरू केल्यावर संगणक अचानक बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो.

बायोसची आवृत्ती जुनी असल्यानेही अशा बोर्डांवर नव्या कार्डांना अडचण येते. बोर्डाच्या उत्पादकाने नवी आवृत्ती दिली असेल तर ती टाका, परंतु हे शेवटी करा आणि वीज जाणार नाही अशा वेळीच करा. एच८१ वरचा स्लॉट दुसऱ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस आहे व कार्ड चौथ्या पिढीचे, म्हणून वेग थोडा कमी मिळेल, परंतु ‘नो सिग्नल’ चे कारण ते नव्हे.

ह्या सगळ्यानंतरही कार्ड ओळखले जात नसेल, तर चांगला एसएमपीएस असलेल्या मित्राच्या संगणकात एकदा लावून पाहा. तिथेही न दिसल्यास वॉरंटी संपण्याआधी दुकानात जा आणि कार्ड तुमच्या समोर चालवून मागा. नुसता डेस्कटॉप दाखवला तर तो पुरेसा मानू नका. एखादा जड गेम पंधरा मिनिटे चालवायला सांगा आणि एचडीएमआयबरोबर डिस्प्लेपोर्टही तपासून घ्या.

चित्र सुरू झाल्यावर बायोसमधली सेटिंग पुन्हा ‘ऑटो’ किंवा ‘पीईजी’ (स्लॉटमधले कार्ड) वर आणा आणि मॉनिटर कार्डाला जोडा. आधी एनव्हिडियाचे कार्ड असेल, तर सेफ मोडमध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ ह्या प्रोग्रॅमने त्याचा ड्रायव्हर साफ काढा. पुढे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलात, तर विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ मध्ये जाऊन १४४ स्वतः निवडा; अनेकदा विंडोज त्याला ६० वरच चालवत राहते.