पांढरा कागद दाखवून कस्टम व्हाइट बॅलन्स सेट केला तरी खिडकीजवळ काढलेले फोटो पिवळट का येतात?

व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याने साधलेला रंगांचा तोल; ‘कस्टम’मध्ये तो आपण मोजून देतो. तुमची पद्धत चुकलेली नाही. माझा पहिला संशय कागदावर आहे.

छपाईचा कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी देणारी रसायनं घातलेली असतात. ती प्रकाशातले अतिनील किरण शोषून घेतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. आपल्या डोळ्यांना तो शुभ्र वाटतो, कॅमेऱ्याला मात्र निळसर दिसतो. तुम्ही त्यालाच ‘हे पांढरं’ असं सांगितलंत, की कॅमेरा निळा कमी करतो आणि सगळा फोटो पिवळ्याकडे झुकतो. खिडकीतल्या उजेडात अतिनील किरण बऱ्यापैकी असतात, म्हणून तिथे हे जास्त जाणवतं. साध्या बल्बखाली तोच कागद बराच बरा वागतो.

म्हणून ग्रे कार्ड, म्हणजे रंगछटा नसलेलं करडं कार्ड, घ्या. घेताना ‘१८ टक्के’ (कार्ड किती प्रकाश परतवतं) या आकड्यावर जाऊ नका, तो एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटो किती उजळ यावा हे ठरवण्यासाठी आहे. आपल्याला हवं ते इतकंच, की कार्डाने लाल, हिरवा आणि निळा सारख्या प्रमाणात परतवावा. व्हाइट बॅलन्ससाठीच बनवलेलं कार्ड असेल तर उत्तम.

कार्ड कुठे धरता हे तर त्याहून महत्त्वाचं. मी जलरंगातल्या चित्रांचे फोटो काढतो. सुरुवातीला कार्ड हाताशी, कॅमेऱ्याजवळच धरायचो. चित्र खिडकीपाशी आणि कार्डावर मात्र डोक्यावरच्या बल्बचा उजेड! चित्रातले करडे ढग निळेशार यायचे आणि मी दोष देत होतो लेन्सला. तेव्हापासून कार्ड चित्राला टेकवूनच ठेवतो, त्याच दिशेला तोंड करून. माणसाचा फोटो असेल तर कार्ड त्याच्याच हातात द्या, चेहऱ्यापाशी.

कार्डाने फ्रेमचा मधला भाग भरून टाका. सपाट पृष्ठभागावर ऑटोफोकस अडतो, तेव्हा तो मॅन्युअलवर टाका. कार्ड धूसर आलं तरी बिघडत नाही. ते जळालं, म्हणजे जास्त उजेडाने पांढरंफट्ट झालं, असं मात्र नाही पाहिजे. तिन्ही रंग कमाल पातळीला टेकले की त्यांच्यातला फरक मोजायला काही उरतच नाही. कॅननमध्ये कार्डाचा हा फोटो मेनूतून निवडल्यावर व्हाइट बॅलन्सचा मोडही ‘कस्टम’ करावा लागतो, आणि नेमकी हीच पायरी बरेच जण विसरतात. निकॉनमध्ये ‘प्रीसेट मॅन्युअल’ शोधा.

न मोजता थेट केल्विनचा, म्हणजे प्रकाशाच्या रंगाचा, आकडा टाकला तर? भर दुपारच्या उन्हाला साधारण ५५०० चालतो, जुन्या पद्धतीच्या बल्बला ३००० च्या आसपास. पण केल्विन फक्त निळ्या-पिवळ्याचा तोल सांभाळतो. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीत हिरवट छटा असते, ती या आकड्याने जात नाही. कस्टम मोजणीत तीही धरली जाते. ट्यूबखाली शटर १/५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवा, कारण तिचा प्रकाश विजेच्या लहरींबरोबर रंग बदलतो.

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ डेटा) काढत असाल तर कॅमेऱ्यात काही सेट केलं नाही तरी चालेल. कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवा आणि नंतर फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या ड्रॉपरने (रंग उचलायच्या साधनाने) त्यावर क्लिक करा. जेपेगमध्ये एवढी मोकळीक मिळत नाही.

आणि खिडकीचा उजेड व घरातला दिवा एकाच वेळी चित्रावर पडत असतील, तर कुठलंही कार्ड पुरं पडणार नाही. आधी दिवा बंद करा, मग मोजा. ढग आले, ऊन सरकलं, की पुन्हा मोजा.