प्राथमिकच्या वर्गात आजच्या काळातल्या, खऱ्या वाटणाऱ्या गोष्टी कशा वापराव्यात?

तुमचा प्रश्न असा, की तिसरी-चौथीला पंचतंत्र, परीकथा, अकबर-बिरबल चालतातच. पण आजच्या घरांतल्या, रोजच्या जगण्यातल्या गोष्टी वाचून दाखवाव्यात का? आणि त्यात बापाची दारू, आजीचं जाणं, पैशांची चणचण असलं काही आलं आणि एखादं पोरगं रडायला लागलं, तर काय करायचं? पहिल्याचं उत्तर सरळ 'हो' आहे. दुसऱ्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण लोक अडतात तिथेच.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी गाव सोडतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर जातं, कुणी कर्नाटकात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. काही मुलं सोबत जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा वर्गाला वाघ-सशाची गोष्ट आवडते, आवडणारच. पण आपल्यासारखं घर एकदाही छापलेलं न बघता मूल पाचवीत गेलं, तर पुस्तकं ही दुसऱ्या कुणाची तरी असतात असं ते धरून चालतं. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० साली लिहिलं होतं की पुस्तक मुलासाठी कधी खिडकी असतं, कधी आरसा: खिडकीतून दुसऱ्याचं जग दिसतं, आरशात आपलं. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला आरसे भरपूर मिळतात, त्याला खिडक्या दाखवायला हव्यात. आमच्याकडे नेमकं उलटं आहे.

आता मुद्द्याचं. माझा एकच नियम आहे: गोष्टीतल्या मुलाबद्दल बोलायचं, समोर बसलेल्या मुलाबद्दल नाही. "तुमच्या घरी असं कधी झालंय का?" हा प्रश्न आपल्या तोंडात अगदी बसलेला असतो, प्रशिक्षणांतही 'अनुभवाशी जोडा' असं सांगतात. आईचा वाढदिवस, पहिला पाऊस अशा विषयांना तो ठीक आहे. पण गोष्टीतला बाप पिऊन आला असेल आणि तुम्ही भर वर्गात तो प्रश्न टाकलात, तर ज्याच्या घरी तसं होतं त्याला एकतर खोटं बोलावं लागतं किंवा चाळीस पोरांसमोर उघडं पडावं लागतं. गोष्टीतलं पात्र त्याच्यासाठी आडोसा असतं, तो आडोसा आपण काढून घ्यायचा नाही.

एक उदाहरण देते. आई कामासाठी परगावी, मुलगी आजीपाशी, अशी एक साधी गोष्ट मी वाचली. त्यात आईचा फोन येतो आणि मुलगी "हं", "हो" यापलीकडे काही बोलतच नाही. मी एवढंच म्हटलं, "ती फोनवर काहीच का बोलत नसेल, सांगा बरं." पहिली उत्तरं ठरलेली आली: तिला राग आलाय, तिला रडू येतंय. मग मागच्या ओळीतला एक जण म्हणाला, "मॅडम, फोन स्पीकरला असतोय ना. सगळी कोपी ऐकती." कोपी म्हणजे कारखान्याच्या तळावरची झोपडी. गोष्टीत कोपी नव्हतीच, ऊसही नव्हता. पण चार-पाच माना हलल्या आणि त्यातून चर्चा निघाली, की सगळे ऐकत असताना आईला काय सांगता येतं आणि काय नाही. 'मीठ कमी पडलं' हे सांगता येतं. 'तू कधी येणार' हे विचारायचं नसतं, कारण मग आई गप्प होते. हे सगळं मुलं गोष्टीतल्या मुलीबद्दल बोलत होती. "तुझी आई पण जाते का रे?" असं मी विचारलं असतं, तर यातलं काहीही बाहेर आलं नसतं.

प्रश्न विचारायच्या बाबतीत एडन चेंबर्स या ब्रिटिश लेखकाची पद्धत मला फार उपयोगी पडली. तो चार गोष्टींवर बोलायला लावतो: काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कळलं नाही, आणि कशाचा कशाशी मेळ लागतो. "का?" असं थेट विचारण्याऐवजी "त्याबद्दल सांग ना" म्हणायचं. परीक्षेतल्या 'कारणे द्या'ची सवय झालेली पोरं "का?" ऐकताच पाठ केलेलं उत्तर शोधू लागतात, हे कुठल्याही शिक्षकाला पटेल. 'काय कळलं नाही' हा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. न कळलेलं सांगितल्यावर शाबासकी मिळते, हे त्यांना सुरुवातीला खरंच वाटत नाही.

तात्पर्य मात्र विचारू नका. वही काढा, पात्रांची नावं लिहा, गोष्टीतून काय शिकलात ते पाच ओळींत लिहा, हे केलंत की पुढच्या वेळी मुलं ऐकताना गोष्ट ऐकत नाहीत, उत्तर हुडकत बसतात. तुमच्या साहेबांना नोंद लागतच असेल, तर एखादं चित्र काढून घ्या आणि ते फळ्याशेजारी लावा.

कोणती गोष्ट निवडायची? वास्तववादी म्हणजे दुःखीच, असा एक गैरसमज आहे. सुरुवात गमतीच्या गोष्टींनी करा: चप्पल हरवली, घरात नवं बाळ आलं, मित्र दुसऱ्याच्या बाकावर जाऊन बसला. जड विषय नंतर, मुलांचा तुमच्यावर आणि एकमेकांवर भरवसा बसल्यावर. गोष्ट आधी स्वतः मोठ्यानं वाचून बघा. मी मुख्यतः एवढंच पाहते, की गोष्टीतलं मूल स्वतः काही करतं का, की शेवटी कुणी मोठं माणूस येऊन सगळं निस्तरतं आणि वर भाषण देतं. आणि गरीब मूल कशासाठी आलंय? सापडलेलं पाकीट परत करणारा 'गरीब पण प्रामाणिक' मुलगा मला अगदी नको झालाय. श्रीमंत मुलाला कधी पाकीट सापडतच नाही की काय! जुना स्वेटर देऊन मोठ्या मनाची ठरणारी शहरी मुलगी, तीही तशीच. अशा गोष्टीत आमची पोरं फक्त हात पसरायला असतात, आणि ते त्यांना चटकन कळतं.

पुस्तकं कुठे मिळतील? माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं शाळेत नसतील तर आधी ती मागवा. लिहितातही त्या आणि चित्रंही त्याच काढतात. त्यांची मुलं खऱ्या घरात राहतात, खरी भांडतात. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि छापूनही घेता येतात. भाषांतर कुठे कुठे अवघडलेलं वाटतं, तेव्हा वाचताना आपल्या बोलीत बिनधास्त वळवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन चाळता येतात. वेळ कुठून काढायचा म्हणाल, तर शाळांमधला 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहेच.

रडण्याबद्दल. मूल रडलं तर वाचन थांबवून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे वळवू नका. जवळ जाऊन उभं राहायचं, पाणी द्यायचं, वाचत राहायचं. बाहेर जायचं असेल तर मित्राला सोबत पाठवायचं. बहुतेक वेळा दोन पानांनंतर ते पुन्हा ऐकायला लागतं. नंतर एकट्याला गाठून "काय झालं?" असं खोदू नका, फक्त "मी आहे इथे" एवढं कळू द्या.

याला एक अपवाद आहे आणि तो माहीत असलाच पाहिजे. गोष्टीच्या निमित्तानं एखाद्या मुलानं मारहाणीचं किंवा अंगाशी झालेल्या वाईट वागणुकीचं काही सांगितलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगून भागत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर ऑफिसात आणि वर्गातही लावून ठेवा.

आणि म्हणूनच जड गोष्ट शेवटच्या तासाला कधी वाचू नका. मधल्या सुट्टीच्या आधी वाचा. सुट्टीत मुलं आपापसात बोलतात, ज्याला खेळायचं तो खेळतो, आणि कुणाला तुमच्यापाशी यायचं असेल तर शाळा सुटायला अजून वेळ असतो.