एम्बुना पाळायला सुरुवात करताय? मग आधी हे वाचा

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले हे मासे खडकांतच राहतात, त्यामुळे टँकमधे दगड भरपूर हवेत, फटी आणि गुहा होतील असे रचलेले. आणि दगड आधी थेट तळावर ठेवायचे, वाळू नंतर, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड घसरून काच फुटू शकते.

टँक किमान ४ फूट लांब घ्या. लहान टँकमधे एकच दांडगा नर बाकीच्यांना जगू देत नाही, ही सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक. दोन-चारच मासे ठेवले तर सगळा मार एकावरच पडतो, म्हणून थोडी गर्दी बरी, पण मग फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचंच.

- पाणी कठीण (क्षार जास्त असलेलं), पीएच ७.८ ते ८.६, तापमान २४ ते २७ डिग्री
- एका नरामागे ३-४ माद्या
- सुरुवात यलो लॅब या पिवळ्या, शांत एम्बुनापासून करा, ऑराटस ही जात दिसायला सुंदर पण फार भांडखोर, आत्ता नकोच

खाणं मात्र नीट सांभाळा! बहुतेक एम्बुना खडकावरचं शेवाळ खातात, ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा मांस चारलंत तर पोट फुगून दगावू शकतात, तेव्हा स्पिरुलिनावालं (एक प्रकारचं शेवाळ असलेलं) खाद्य द्या, थोडं थोडं.

पिल्लांची घाई नको, ती होतातच. मादी अंडी तोंडात धरते, साधारण ३ आठवडे खात नाही, तिला आजारी समजून औषधं टाकू नका. पिल्लं काढून घेणं वगैरे पुढे बघू, आधी पाण्याची प्रत स्थिर होऊ दे.