टॉलमॅज यांचे आकडे आणि हिराकसाची शाई

प्रश्न : आठवीच्या मुलांना अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातले बेंजामिन टॉलमॅज शिकवायचे आहेत. शाळामास्तर असलेल्या या माणसाने सांकेतिक लिपी कशी बांधली? त्यांच्या हेरांची अदृश्य शाई वर्गात करून दाखवता येईल का? लिंबाचा रस मुलांना ठाऊक आहे.
– एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : टॉलमॅज १७७३ साली येलमधून पदवीधर झाले आणि कनेटिकटमधल्या वेदर्सफील्डच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. १७७६ मध्ये सैन्यात गेले, पुढे घोडदळात मेजर. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कहून बातम्या आणणारी 'कल्पर' मंडळी त्यांच्या हाताखाली होती. २ जुलै १७७९ ला त्यांच्या तळावर छापा पडला आणि सामानासोबत सेनापती वॉशिंग्टन यांचे पत्रही शत्रूच्या हाती गेले. त्यात एका हेराचे नाव उघड लिहिलेले होते! ही लिपी त्याच महिन्यातली आहे.

शब्दकोशातले ७१० शब्द अकारविल्हे लावून त्यांना क्रमाने आकडे दिले. माणसे आणि ठिकाणे यांच्यासाठी आणखी ५३. वॉशिंग्टन ७११, स्वतः टॉलमॅज ७२१, न्यूयॉर्क ७२७. यादीत नसलेल्या शब्दाची अक्षरेच बदलायची. कच्चा दुवा अकारविल्हे क्रमात आहे: दोन-चार आकडे फुटले की मधले अंदाजाने लागतात. म्हणून मुलांची यादी विस्कटून करा. अक्षरे बदलताना काना-मात्रा तशाच ठेवा, फक्त व्यंजन वर्णमालेत एक घर पुढे न्या. 'नर्मदा'चे 'पल्यधा' होते.

आता शाई. लिंबाचा रस नुसत्या आचेने उघडा पडतो, आणि हे तेव्हाही सर्वांना माहीत होते. डॉक्टर जेम्स जे यांनी वॉशिंग्टनना पुरवलेल्या शाईत द्रव दोन होते, एक लिहायला, दुसरा अक्षर उमटवायला. वर्गासाठी हीच जोडी हिरडा आणि हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा हिरवट क्षार) यांची करा. सियागंजात पंसाऱ्याकडे विचारा. १० ग्रॅम हिरड्याची पूड १०० मिली पाण्यात दहा मिनिटे उकळा, निवल्यावर दोनदा गाळा. भांडे स्टीलचे घ्या. लोखंडी कढईत हिरड्याचा काढा तिथेच काळा पडतो, लोह असलेल्या बोअरिंगच्या पाण्यानेही तेच होते. १ ग्रॅम हिराकस ५० मिली पाण्यात विरघळवून त्याने लिहा आणि पूर्ण वाळू द्या. मग हिरड्याचे पाणी मऊ ब्रशने एकदाच फिरवा. पुन्हा पुन्हा घासले तर अक्षर पसरते. हवा लागेल तसा काळेपणा वाढतो, तेव्हा पाच-दहा मिनिटे धीर धरा.

बिघडते ते बहुधा हिराकसामुळे. खडे हिरवट हवेत. पिवळे-तांबूस झालेले गंजलेले असतात आणि लिहिताक्षणी डाग दाखवतात. द्रावण रोज ताजे करा. कागद गुळगुळीत नको, चित्रकलेचा चांगला. हिराकस पोटात गेल्यास घातक आहे, तेव्हा वाटप तुम्हीच करा आणि हात धुवून घ्या. कपड्यांवरचा काळा डाग जात नाही.

प्रश्न : युद्धानंतर टॉलमॅज यांचे काय झाले?

उत्तर : लिचफील्डला व्यापार केला, १७९२ मध्ये तिथले पोस्टमास्तर झाले. १८०१ ते १८१७ फेडरलिस्ट पक्षाकडून प्रतिनिधीगृहात होते. शेवटच्या वर्षी, हेरगिरी करणारा ब्रिटिश अधिकारी आंद्रे याला १७८० मध्ये पकडणाऱ्या तिघांपैकी एकाने वाढीव पेन्शन मागितली. आंद्रे टॉलमॅज यांच्याच पहाऱ्यात होता. त्या तिघांनी त्याला लुटण्यासाठी अडवले होते, असे सांगून टॉलमॅज यांनी सभागृहात विरोध केला. लोक त्या तिघांना वीर मानत असताना हे बोलायला धैर्य लागले असणार. ७ मार्च १८३५ रोजी लिचफील्डलाच त्यांचे निधन झाले.