जिन्याखालच्या खोलीत थिनरचे डबे: '३० लिटरपर्यंत चालतं' हे तुमच्या बाबतीत लागू नाही

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. पुण्यात तुमची पार्किंग अधिक चार मजल्यांची सोसायटी आहे. रस्त्याच्या बाजूला रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. जिन्याखालची, पूर्वी वॉचमनची असलेली खोली दुकानदाराने भाड्याने घेतली आणि तिथे थिनर, टर्पेंटाइन, ऑइल पेंट असा माल भरला. तुम्ही कमिटीत विषय काढलात, तर उत्तर मिळालं, 'त्याच्याकडे शॉप ॲक्ट आहे, आणि ३० लिटरपर्यंत कुणालाच काही लागत नाही.' हे खरं आहे का आणि नसेल तर जायचं कुणाकडे, असं तुम्ही विचारलंय.

खरं नाही. एका रंगाच्या कारखान्यात सेफ्टी विभागात मी एकवीस वर्षं काढली आहेत. हे ३० लिटरचं वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की त्याच्यापासूनच सुरुवात करते.

ते वाक्य आलंय १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम ८ मधून. नावावरून वाटतं तसा हा कायदा पंपापुरता नाही. द्रवरूप हायड्रोकार्बन आणि तो मिसळलेलं कुठलंही ज्वालाग्राही मिश्रण त्यात येतं, म्हणजे टर्पेंटाइन आलं आणि बाजारात मिळणारं बहुतेक थिनरही आलं. कलम ८ म्हणतं, 'अ' वर्गाचा, म्हणजे सगळ्यात लवकर पेटणारा, माल एकूण ३० लिटरपर्यंत असेल आणि तो विक्रीसाठी नसेल, तर परवाना लागत नाही. हे 'विक्रीसाठी नसेल' नेमकं गाळून लोक कायदा सांगतात. तुमच्या दुकानदाराचा माल विक्रीचाच आहे. त्याला ही सवलत ३० लिटरची नाही, ३ लिटरचीही नाही.

घरगुती वापरालाही अट आहे. डबा घट्ट झाकणाचा हवा. काच किंवा चिनी मातीचा असेल तर जास्तीत जास्त १ लिटरचा, धातूचा असेल तर २५ लिटरचा. प्लास्टिकचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे गाडीसाठी म्हणून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणून बाल्कनीत ठेवणारे लोकही कायद्याबाहेरच आहेत. आणि थिनरचा मोठा डबा सहसा २० लिटरचा येतो, तेव्हा दोन डबे शेजारी ठेवले की ४० लिटर झाले.

आता 'अ' वर्ग म्हणजे काय. सगळं फ्लॅश पॉइंटवर ठरतं. द्रवावर ठिणगी पडताच पेटेल इतकी वाफ ज्या कमीत कमी तापमानाला जमते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. २३ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर 'अ', २३ ते ६५ च्या आत 'ब', ६५ ते ९३ च्या आत 'क'. पेट्रोलचा उणे ४० च्या आसपास, ॲसिटोनचा उणे २०, टोल्युइनचा ४ अंश. लाकडाच्या पॉलिशसाठी आणि लॅकरसाठी जे एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर वापरतात ते अशाच द्रावकांचं बनलेलं असतं, त्यामुळे ते 'अ' मध्ये जातं. टर्पेंटाइन, रॉकेल, डिझेल साधारणपणे 'ब' मध्ये. भिंतीचा पाण्यातला इमल्शन रंग या कायद्याच्या कक्षेतच नाही. दुकानदार 'माझ्याकडे फक्त रंग आहे' म्हणेल तेव्हा हा फरक लक्षात ठेवा: शंभर डब्यांपैकी ऐंशी इमल्शनचे असतील, पण तुमचा प्रश्न उरलेल्या वीस डब्यांचा आहे.

डिझेलबद्दल बरेच जण निर्धास्त असतात. आपल्याकडच्या मानकानुसार त्याचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली ३५ अंश ही काही मोठी गोष्ट नाही.

'ब' वर्गाला कलम ७ प्रमाणे सवलत मोठी आहे: एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत परवाना नको, पण कुठलीही एक टाकी किंवा पिंप १००० लिटरहून मोठं नको. सोसायट्यांच्या जनरेटरला ९९० लिटरची टाकी का बसवतात, याचं उत्तर इथे आहे.

शॉप ॲक्टचं एका वाक्यात: तो नोकरांचे कामाचे तास, सुट्ट्या, नोंदणी यांचा कायदा आहे, थिनर साठवायची परवानगी त्यातून मिळत नाही. ज्वालाग्राही माल ठेवायला आणि त्याचा धंदा करायला महापालिकेचा वेगळा परवाना लागतो. पुण्यात तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६ खाली येतो. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३९४ आहे. पेट्रोलियम कायद्याखालचा परवाना त्याहून निराळा. साठा किती आणि कुठल्या वर्गाचा, त्यावरून तो जिल्हा प्रशासन देतं किंवा पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची केंद्रीय सुरक्षा संस्था, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. एक परवाना दुसऱ्याची जागा घेत नाही. आणि कुठलाही परवाना त्यावर लिहिलेल्या जागेपुरता असतो. दुकानाच्या पत्त्यावर असेल तर जिन्याखालच्या खोलीला तो उपयोगाचा नाही. हे कमिटीला नक्की दाखवा.

इथपर्यंत कायदा झाला. पण उद्या दुकानदाराने सगळे कागद आणून दाखवले तरी माझं मत बदलणार नाही. त्या खोलीत हा माल नको. का, ते सांगते.

आमच्या कारखान्यात नवीन कामगार आला की पहिल्याच आठवड्यात आम्ही त्याला एक प्रयोग दाखवायचो. चार फुटांची पत्र्याची पन्हळ, एक टोक टेबलावर, दुसरं जमिनीजवळ. खालच्या टोकाशी पेटती मेणबत्ती. वरच्या टोकाला द्रावकात बुडवून काढलेली हातरुमालाएवढी चिंधी ठेवायची आणि मागे सरकायचं. काही सेकंद काहीच होत नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागतात. मग मेणबत्तीपाशी 'भप' असा आवाज होतो आणि निळसर ज्योत पन्हळीतून खालून वर पळत जाऊन चिंधी पेटवते. मेणबत्ती चिंधीच्या जवळ गेलेली नसते. चिंधीची वाफ उतरून मेणबत्तीपाशी आलेली असते. हे पाहिलेला माणूस पुन्हा कधी डब्याचं झाकण उघडं टाकत नाही.

थिनरमधल्या टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती वर जाऊन विरत नाही, फरशीवरून पाण्यासारखी सरकते आणि सखल जागा शोधते: लिफ्टचा खड्डा, ड्रेनेजचं चेंबर, बेसमेंटचा उतार. आणि किती लागते? तुमची खोली आठ बाय सहाची, आठ फूट उंच आहे असं धरते. म्हणजे सुमारे ११ घनमीटर हवा. त्यात साधारण सव्वा टक्का वाफ मिसळली की ती पेटण्याजोगी होते. हिशेब केला तर तेवढ्या वाफेला साधारण ६०० मिलिलिटर द्रव पुरतो, आणि तोही वाफ खोलीभर सारखी पसरली तर. ती खाली साचते, त्यामुळे फरशीलगत तो थर तयार व्हायला याहून खूप कमी द्रव लागतो. गळका डबा, नीट न बसलेलं झाकण, नोकराच्या हातून सांडलेली बाटली, एवढं पुरे आहे.

आणि त्या खोलीच्या शेजारी काय आहे, हे तुम्हीच लिहिलंय: महावितरणच्या मीटरचा बोर्ड. पलीकडे दुचाकींची रांग, त्यात चार्जिंगला लावलेल्या स्कूटर. वर जिना. चार मजल्यांची माणसं उतरतात तो एकमेव जिना. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, आग लागली की जिन्याची ती पोकळी धुराड्याचं काम करते.

१३ नोव्हेंबर २०२३ ला हैदराबादमध्ये नामपल्लीच्या बाजारघाट भागात नेमकं हेच झालं. राहत्या इमारतीच्या तळाशी रसायनांची पिंपं साठवलेली होती, आग तिथे लागली, आणि नऊ माणसं गेली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पहाटे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत, पूर्णानगरला, हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि दुकानातच राहणारं चार जणांचं अख्खं कुटुंब गेलं. ती बातमी आली तेव्हा मी दोन रात्री नीट झोपले नाही. अशा दुकानांच्या कपाटात काय काय असतं, ते मला डब्यागणिक माहीत आहे.

आता करायचं काय.

पहिल्यांदा दुकानदाराशी बोला. तो रोजचा शेजारी आहे, त्याचं पोट त्यावर आहे, आणि माझा अनुभव असा की निम्म्या दुकानदारांना 'विक्रीसाठी नसेल' ही अट खरंच माहीत नसते. बोलणं कमिटीच्या दोघा-तिघांसमोर करा आणि त्याच्यासोबत खोलीत जाऊन डबे मोजा. प्रत्येक प्रकाराच्या एका डब्याच्या लेबलचा फोटो घ्या. लेबलवर ज्वाळेचं चिन्ह असेल, पण फ्लॅश पॉइंट बहुतेक वेळा नसतो. तो सेफ्टी डेटा शीटच्या नवव्या भागात सापडतो. ही शीट उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळते किंवा वितरकाकडे मागता येते. जाताना मोबाइलच्या टॉर्चवर भागवा, खोलीतल्या बटणाला हात लावू नका. दार उघडून आधी काही वेळ वारा खेळू द्या, आणि वास तीव्र असेल तर आत जाऊच नका.

रिकामे डबेही मोजा. लोकांना वाटतं रिकामा डबा म्हणजे भंगार. तळाशी अर्धा कप थिनर आणि वर वाफ भरलेला डबा भरलेल्या डब्याहून लवकर फुटतो. पेट्रोलियमच्या नियमावलीतही स्पष्ट आहे की आत साफ करून वाफमुक्त केलेला नसेल तर रिकामा डबाही घट्ट बंद ठेवायचा.

त्याने माल हलवायचं कबूल केलं तर तारीख लिहून घ्या. रोजच्या विक्रीपुरता माल परवान्यात बसेल तेवढा दुकानात, धातूच्या बंद डब्यांत, आणि बाकीचा वस्तीबाहेरच्या परवानाधारक गोदामात: बाजारातले सरळ व्यापारी असंच करतात.

नाही ऐकलं तर लेखी जा. कमिटी टाळाटाळ करत असेल तर सभासद म्हणून एकट्यानेही अर्ज करता येतो. अर्ज महापालिकेच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याच्या नावे, प्रत परवाना विभागाला, 'अ' वर्गाचा माल असल्याने प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि पेसोला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे अग्निशमन अधिकाऱ्याला इमारत तपासायचा आणि नोटीस द्यायचा अधिकार आहे. त्याच कायद्यात जबाबदारी आधी मालकाची किंवा भोगवटादाराची ठरते. म्हणजे खोलीचं भाडं घेणारी सोसायटी त्यातून सुटत नाही. कमिटीला कायद्याची ही बाजू दाखवलीत तर चर्चा लवकर पुढे सरकते. इमारतीत आगरोधक यंत्रणा बंधनकारक असेल तर ती चालू असल्याचं 'ब' प्रपत्र परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. तेही मागून बघा.

अर्जात 'धोका आहे' एवढंच लिहू नका. खोलीची मापं, डब्यांची संख्या, प्रत्येक मालाचा फ्लॅश पॉइंट आणि वर्ग, मीटर बोर्डापासूनचं अंतर, जिना एकच आहे ही नोंद, आणि फोटो. असा अर्ज फायलीत दाबून ठेवणं अवघड जातं.

तुम्ही विचारलं नव्हतं, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. अग्निशामक सिलिंडरवरची ए, बी, सी ही अक्षरं आणि पेट्रोलियमचे अ, ब, क वर्ग यांचा काही संबंध नाही. सिलिंडरवर 'बी' म्हणजे कुठलाही पेटता द्रव, मग तो पेट्रोल असो की डिझेल. पार्किंगमध्ये ड्राय पावडरचा एबीसी सिलिंडर हवा, आणि तो त्या खोलीच्या आत नको, बाहेर, पळायच्या वाटेवर हवा. पेटत्या थिनरवर पाण्याची बादली ओतू नका, थिनर पाण्यावर तरंगत पार्किंगभर पसरतं.

दुसरं, गणपतीच्या आधी घराघरांत पॉलिशचं काम निघतं. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो ठिणगीशिवाय, आपोआप तापून पेटू शकतो. कामगारांना सांगा, चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून. आणि थिनर त्या दिवसापुरतंच आणायचं, रात्री इमारतीत ठेवायचं नाही. समई किंवा निरांजन तेवत असलेल्या घरात डबा उघडण्याआधी ती शांत करायची.

लेबलांचे फोटो इथे टाकलेत तर कुठला माल कुठल्या वर्गात जातो ते मी वाचून सांगते. फोटोत दाराचा उंबरठाही येऊ द्या. तो किती उंच आहे त्यावरून कळेल, आत काही सांडलं तर ते खोलीत राहील की थेट गाड्यांखाली जाईल.