मिरजेचे बारा, तिकडचे साडेसहा

प्रश्न : मी मूळची मिरजेची असून व्यवसायाने परिचारिका आहे. सप्टेंबरपासून पती आणि सहा वर्षांच्या मुलासह इंग्लंडमधील एका लहान गावात राहते. यंदाचा नाताळ हा आमचा परदेशातील पहिलाच नाताळ. मिरजेत डिसेंबर उजाडला की आमच्या घरी करंज्या-चकल्यांचे घाणे निघत, केकचे मिश्रण घेऊन बेकरीच्या भट्टीपुढे नंबर लावावा लागे आणि २४ तारखेला मध्यरात्रीच्या उपासनेला सगळी गल्ली चर्चमध्ये जमे. येथे २५ डिसेंबरला मला सकाळी साडेसातपासून बारा तासांची ड्यूटी लागली आहे. आई फराळाचे पार्सल पाठवते म्हणते. तयारीला सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, मूळ मिरज (जि. सांगली)

उत्तर : आपण ड्यूटीचा उल्लेख अडचण म्हणून केला आहे, मी मात्र तेथूनच सुरुवात करते, कारण बाकीची सगळी तयारी त्या बारा तासांवर अवलंबून आहे. तसे पाहिले तर मिरजेला हे नवे नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयाच्या आधाराने जी ख्रिस्ती घरे तेथे वाढली, त्यांतील कोणी ना कोणी नाताळच्या सकाळी वॉर्डात असणारच. आपल्याला हवी आहे ती मध्यरात्रीची उपासना, आणि ती आपल्या हातून गेलेली नाही. हिवाळ्यात इंग्लंडचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. म्हणजे २४ तारखेला मिरजेत रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. बाहेर अंधार पडून दोन तास उलटलेले असतात आणि मुलगाही जागा असतो, म्हणजे मिरजेच्या चर्चमधली उपासना फोनवरून सगळ्यांना ऐकता येईल. तेव्हा आपला नाताळ २४ च्या संध्याकाळीच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जेवण, भेटवस्तू, रेव्हरंड टिळकांची पदे, सगळे त्याच वेळी होऊ द्यावे. २५ तारखेला रात्री साडेआठनंतर थकून घरी परतल्यावर सण उभा करण्याचा हट्ट धरू नये.

त्यासाठी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. मिरजेत नाताळच्या दिवशी दूध, भाजी, रिक्षा सारे मिळते, त्यामुळे सबंध गाव बंद असणे म्हणजे काय याची आपल्याला कल्पना नसते. इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने २५ डिसेंबरला उघडण्यास २००४ च्या कायद्याने मनाई आहे, आणि २४ तारखेलाही अनेक दुकाने नेहमीपेक्षा लवकर बंद होतात. रेल्वे त्या दिवशी जवळजवळ पूर्णपणे थांबते आणि बसही क्वचितच मिळते. २६ तारीख, म्हणजे बॉक्सिंग डे, हीसुद्धा सार्वजनिक सुट्टीच असते. म्हणून २५ च्या सकाळी आपण कामावर कशा पोहोचणार, हे महिनाभर आधी ठरवावे. त्याच पाळीवर येणाऱ्या आणि मोटार असलेल्या सहकाऱ्याला आताच विचारून ठेवणे उत्तम. मुलाचे तापाचे औषध, दूध, पाव आणि खेळण्यांना लागणारे सेल २३ तारखेपर्यंत घरात आलेले असावेत.

आता पार्सलविषयी. आईंचा उत्साह मोडू नका, पण त्यांना आधीच दोन गोष्टी सांगा. भारतातून टपालाने ब्रिटनमध्ये मांस किंवा दुग्धजन्य पदार्थ पाठवता येत नाहीत. म्हणून खव्याच्या करंज्या, पेढे आणि तुपाचा डबा बाद. सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या, तेलात तळलेल्या करंज्या, चकल्या आणि शंकरपाळी पाठवावी. दुसरे असे की, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेल्या भेटवस्तूची किंमत ३९ पौंडांपर्यंत असेल तर तिच्यावर आयात कर लागत नाही, मात्र सीमाशुल्काच्या पत्रकावर आत काय आहे ते खरेखुरे लिहिलेले हवे. पार्सल नोव्हेंबरातच निघावे.

मला विचाराल तर आईंनी त्या डब्यात फराळापेक्षा तासगावचे बेदाणे अधिक घालावेत. इंग्रजांचा नाताळ आपल्या जिल्ह्याच्या इतका जवळचा आहे हे फार थोड्यांना माहीत असते: त्यांचा केक, त्यांचे पुडिंग आणि मिन्स पाय नावाची छोटी पाय (नाव मांसाचे असले तरी आजकाल आत बहुधा सुकामेवाच असतो) हे सगळे बेदाण्यांवर उभे आहे. पुडिंग ढवळण्याचा परंपरेचा दिवस म्हणजे आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाच्या) आधीचा रविवार. तो २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो, आणि घरातील प्रत्येकाने एकदा डाव फिरवावा अशी रीत आहे. आपल्याकडे भट्टीपुढे नंबर लावण्याची गंमत होती. तेथे घरच्या ओव्हनपुढे ती येणार नाही, पण मुलाला स्टुलावर उभे करून त्याच्या हाती डाव द्यावा. शेजाऱ्यांकडे फराळाची ताटली अवश्य पाठवावी, फक्त तिच्यात शेंगदाणे, काजू किंवा तीळ आहेत का हे चिठ्ठीवर लिहावे, कारण तेथे ॲलर्जीचा प्रश्न फार गांभीर्याने घेतला जातो. याच कारणाने शाळेत मात्र विचारल्याशिवाय फराळ पाठवू नये.

शाळेतून ख्रिस्तजन्माच्या नाटिकेसाठी पोशाखाची मागणी आली, तर विकत काही आणू नका. मुलाला मेंढपाळाची भूमिका मिळाली असेल, तर तेथील आया स्वयंपाकघरातला रुमाल डोक्याला बांधून वेळ मारून नेतात. आजोबांचा पांढरा पंचा त्याहून कितीतरी शोभेल. तोही पार्सलमध्ये बसेल. जेवणाच्या टेबलावरचे ‘क्रॅकर’ म्हणजे फटाके नव्हेत, हे त्याला आधीच समजावून सांगा. दोघांनी दोन टोके ओढली की त्यातून बारीक आवाज, कागदी मुकुट आणि एखादा फुसका विनोद निघतो. लवंगी माळेची अपेक्षा ठेवणारा मुलगा हिरमुसला होतो, हा माझा घरचा अनुभव आहे.

शेवटी त्या साडेसहाच्या फोनविषयी. मिरजेत तो फोन पुढच्या बाकावर बसणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायला आईंना सांगा. मागच्या बाकावरून पेटीपेक्षा पोरांचाच आवाज अधिक ऐकू येतो.